चर्टमधून रेडिओलेरिया सोडवताना

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरच्या महाविलोपात, खोल समुद्रात चर्ट, म्हणजे सिलिकाचा कठीण गाळखडक, साचणं जवळजवळ थांबलं. जपानमधल्या मिनो पट्ट्यात त्या जागी काळा, कार्बनयुक्त चिकणखडक दिसतो. थरदार चर्ट पुन्हा रुळतो तो पुढच्या ट्रायासिक कालखंडात, काही दशलक्ष वर्षांनी. त्यातले रेडिओलेरिया, म्हणजे सिलिकाचं कवच असलेले सूक्ष्म समुद्री जीव, पाहणं हा खरा आनंद!

खडकाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्या. काच नको, हायड्रोफ्लोरिक आम्ल ती खातं. साधारण ५ टक्के आम्लात एक दिवस ठेवा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या हाताने धुवा, उरलेले तुकडे पुन्हा आम्लात घाला. हे चक्र अनेकदा करावं लागतं. घाई करून आम्ल तीव्र केलं तर काटे आधी जातात, मग कवचावरची छिद्रं पसरतात, आणि ओळख पटवायची ती त्यांच्यावरूनच. कवच आणि भोवतालचा खडक दोन्ही सिलिकाच; विरघळण्याच्या वेगातल्या थोड्याशा फरकावर सगळं चालतं.

हे आम्ल कातडीतून आत शिरतं, वेदना उशिरा होते. फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढून नेणारं बंदिस्त कपाट) आणि या आम्लाच्या भाजण्यावर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी नसेल तर काम सुरूच करू नका.