विटेवरचे बटाटे

आमच्या सातगाव पठारावर बटाटा खरिपात होतो. पावसाळ्यात ढग दोन-तीन दिवस खाली उतरले की अप्पा सरीत वाकून पानं उलटी करून बघतात. पानाखाली पांढरी बुरशी दिसली की समजायचं, करपा आला. एमएस्सीला मला करप्याला दाद न देणारा बटाटा तयार करण्याच्या कामात घेतलं, तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं, "मग बेणं कधी आणतीयेस?"

नवा वाण बेण्यातून नाही, दोन वाणांच्या संकरातून धरलेल्या फळातल्या बियांतून तयार होतो, आणि बटाट्याला फुलून फळ धरायला लांब दिवस आणि थंड हवा लागते. म्हणून मी शिमल्याजवळ कुफरीला गेले. 'कुफरी ज्योती' या बटाट्याच्या वाणातली कुफरी ती हीच. ज्योती १९६८ साली आली तेव्हा करप्याला पुरून उरायची. आता आमच्याकडे तीही काळी पडते. बुरशी बदलत राहते. मेक्सिकोतल्या 'सोलॅनम डेमिसम' या रानटी बटाट्यातून आणलेली एकेक जनुकं तिने अशीच निकामी केली. त्यामुळे आता एका जनुकावर विसंबून चालत नाही, अनेक छोटे छोटे आधार एकत्र आणावे लागतात.

पहिल्याच दिवशी बटाटे विटेवर लावलेले पाहिले आणि हसू आलं. आमच्याकडे विटेवर फक्त विठोबा. वीट ठेवायची, तिच्यावर बेणं, वर माती. झाड वाढलं की माती धुऊन काढायची आणि पोसू लागलेले बटाटे खुडून टाकायचे, म्हणजे झाडाचा सगळा जोर फुलांकडे जातो. बटाटे खुडून फेकताना शेतकऱ्याच्या पोरीचा हात थरथरतो, हे सरांना सांगितलं नाही.

फुलाला स्वतःचाच पराग लागू नये म्हणून कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने पाचही पिवळे पुंकेसर काढायचे, मधल्या दांडीला धक्का न लावता. सुरुवातीला निम्म्या कळ्या मीच मोडल्या. हात बसल्यावर चार दिवस रोज सकाळी पराग लावला आणि आठवड्याभरात सगळी फुलं गळली. नर म्हणून निवडलेल्या वाणाचा परागच वांझ होता. सूक्ष्मदर्शकाखाली रंग घालून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं: जिवंत पराग लाल होतो, वांझ फिका राहतो. ती पाच मिनिटं मी वाचवली होती!

दुसऱ्या नराने फळं धरली, हिरव्या टोमॅटोच्या पिल्लांसारखी. दीड महिन्याने ती चुरून बिया धुतल्या. बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८. त्यामुळे एकाच फळातल्या दोन बियांचं एकमेकींशी पटेलच असं नाही. पुढच्या वर्षी सहाशे रोपं केली आणि त्यांच्यावर करप्याच्या बीजाणूंचं पाणी फवारलं. जन्मभर करप्यावर फवारणी पाहिली, करपाच फवारायची वेळ पहिल्यांदा आली. आठवड्यात बहुतेक रोपं काळवंडली. सत्तरेक उरली.

मी खूश, सर शांत. खणल्यावर कळलं का ते. कुणाचे बटाटे गोटीएवढे, कुणाचे डोळे खोल, कुणाचे झाडापासून हातभर लांब. बरीचशी झाडं तर पिकायलाच तयार नव्हती. करप्याला टिकणारं झाड अनेकदा उशिराचंच असतं, आणि अप्पांना पीक काढून रब्बीसाठी रान मोकळं करायचं असतं. सत्तरातले अकरा वाण ठेवले. त्यातला एखादा बाजारात यायचा तर आणखी आठ-दहा वर्षं वेगवेगळ्या ठिकाणच्या चाचण्या. हे अप्पांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बरं, खाऊन बघितलास का?"

नव्हता बघितला. त्या रात्री माझ्या सगळ्यात लाडक्या, पानावर एकही डाग न पडलेल्या सात नंबरचे दोन बटाटे वसतिगृहावर उकडले. मीठ लावून एक घास घेतला. कडूजहर! रानटी पूर्वजांकडून करप्याविरुद्धच्या ताकदीबरोबर तो कडवटपणाही आला होता. घास थुंकून टाकला. सकाळी वहीत सात नंबरवर काट मारली, उरले दहा.