तुम्ही विचारलंत म्हणून: 'पॅरानॉइड'च्या कव्हरवर तलवारवाला कशाला?

आमच्याकडे हॉलमध्ये ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल (जोरकस गिटारचं रॉक) बँडच्या 'पॅरानॉइड', म्हणजे संशयाने-भीतीने पछाडलेला, या अल्बमचं एल्पी कव्हर फ्रेम करून लावलंय, आणि घरी येणारा प्रत्येक जण, मेटल ऐकणारा असो नाहीतर आमच्या आत्यासारखं कोणी असो, हमखास तेच विचारतो, की हा तलवार घेऊन पळत सुटलेला माणूस कोण आणि याचा पॅरानॉइडशी काय संबंध. इतक्या वेळा सांगून झालंय की आता एकदा लिहूनच टाकते.

तो माणूस पॅरानॉइडचा नाहीच, 'वॉर पिग्ज'चा, म्हणजे 'युद्धाची डुकरं'चा आहे. अल्बमचं नाव 'वॉर पिग्ज' ठरलं होतं, फोटो त्या नावासाठी काढला होता, नंतर नाव बदललं आणि फोटो तसाच राहिला. थोडक्यात एवढंच, पण खरी गंमत पुढे आहे.

साल १९७०. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली कामगारवस्तीतली चार पोरं, ओझी ऑस्बोर्न, टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड. फेब्रुवारीत पहिला अल्बम आला, तो अपेक्षेपेक्षा जास्त चालला, आणि चारेक महिन्यांत ही मंडळी दुसऱ्यासाठी परत लंडनला स्टुडिओत. गाण्यांचे शब्द मुख्यतः गीझरचे, बास वाजवणारा तो. 'वॉर पिग्ज' हे गाणं ते आधी 'वालपुर्गिस' नावाने वाजवायचे, चेटकिणींच्या रात्रीवरून, बीबीसीसाठी रेकॉर्ड केलेलं ते जुनं रूप आजही ऐकायला मिळतं आणि त्याचे शब्द बरेच वेगळे आहेत. रेकॉर्ड कंपनीला तो सैतानी प्रकार नको होता म्हणून शब्द बदलले, पण गीझर नेहमी सांगत आलाय की त्याच्या लेखी खरे सैतान म्हणजे युद्ध पेटवणारे लोक. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं, उद्या ब्रिटनही त्यात ओढला गेला तर आपल्यालाच भरती करतील ही धास्ती होती, आणि दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांमध्ये खेळत ही पोरं मोठी झालेली, त्यामुळे गाण्यातला तो राग वरवरचा नाहीये. ते सेनापती चेटकिणींसारखे जमतात, युद्ध सुरू करून देतात आणि लढायला गरिबांना पाठवतात, असं सरळ म्हटलंय त्यात.

आता फोटो. काढला कीथ मॅकमिलनने, 'कीफ' या नावाने काम करायचा. पहिल्या अल्बमवरची ती पाणचक्कीसमोर उभी असलेली काळ्या कपड्यांतली बाई आठवतेय? तोही त्याचाच, टेम्स काठच्या मेपलडरहॅमला काढलेला, आणि माझ्या मते मेटलमधलं त्याहून चांगलं कव्हर आजवर झालेलं नाही. 'वॉर पिग्ज'साठी त्याने आपल्याच असिस्टंटला रात्री झाडीत उभं केलं. फोटो जवळून बघा, डोक्याला हेल्मेट, हातात ढाल, उगारलेली तलवार, अंगात गुलाबी-केशरी घट्ट कपडे, मागे झाडाचा बुंधा आणि गच्च काळोख, आणि त्याच माणसाच्या धूसर आकृत्या एकातून एक निघाल्यासारख्या, कारण एकाच फ्रेमवर अनेकदा एक्स्पोजर दिलंय. माणूस एकच, पण बघताना वाटतं अंधारातून टोळीच धावून येतेय.

मग नाव का बदललं? दोन कारणं सांगतात. एक, व्हिएतनाममुळे अमेरिकेत 'वॉर पिग्ज' नावावरून वाद होईल अशी कंपनीला भीती होती. दुसरं साधं धंद्याचं. अल्बमला गाणी कमी पडत होती, टोनीने गिटारवर एक रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजवली, आणि वीस-पंचवीस मिनिटांत, हे बिल वॉर्डचं सांगणं, गाणं तयार. तेच 'पॅरानॉइड'. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, जागा भरायला केलेलं, ते सिंगल म्हणून, म्हणजे सुटी रेकॉर्ड म्हणून, ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट चौथ्या नंबरवर गेलं. लोक ज्या नावाने दुकानात विचारतायत तेच नाव अल्बमला देणार ना कंपनी! मला हेच जास्त पटतं, कारण व्हिएतनामचीच भीती असती तर ते आठ मिनिटांचं 'वॉर पिग्ज' अल्बमचं पहिलंच गाणं म्हणून ठेवलं नसतं. सप्टेंबरमध्ये अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर पोचला. त्यानंतर तिथे त्यांचा पुढचा नंबर वन अल्बम यायला २०१३ उजाडलं.

बँडला मात्र हे कव्हर कधीच आवडलं नाही. गीझरचं म्हणणं, 'वॉर पिग्ज' नाव होतं तेव्हाही ते वाईटच होतं, 'पॅरानॉइड' झाल्यावर तर त्याला काही अर्थच उरला नाही. आणि इथे मी गीझरशी, एवढा मोठा माणूस असला तरी, भांडायला तयार आहे.

कारण अल्बम पूर्ण ऐका ना. 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धावर आहे, 'हँड ऑफ डूम' व्हिएतनामहून हेरॉइनचं व्यसन घेऊन परतलेल्या सैनिकांवर, 'आयर्न मॅन'मध्ये जगाला वाचवायला निघालेला माणूस शेवटी जगावरच उलटतो. हा युद्धाचाच अल्बम आहे हो, त्यात नावाचं गाणं तेवढं वेगळं, डोक्यात चाललेल्या उदासीचं, आणि तेही मला परकं वाटत नाही. म्हणजे विसंगत काही असेल तर ते नाव आहे, तो तलवारवाला बरोबर जागी आहे, भले कपडे नाटकातले दिसोत. नंतर मेटलच्या कव्हरांवर रंगवलेले राक्षस आणि कवट्या खूप आल्या, छान आहेत, मला आवडतात, पण इथे खरा माणूस खऱ्या काळोखात धावतोय, ते वेगळंच काम करतं.

५ जुलै २०२५ला व्हिला पार्क स्टेडियमवर, म्हणजे त्यांच्या ॲस्टनमध्येच, चौघं शेवटचे एकत्र वाजले तेव्हा सुरुवात 'वॉर पिग्ज'ने केली आणि शेवट 'पॅरानॉइड'ने. दोन्ही नावांना त्यांची जागा मिळाली असं मला फार वाटलं त्या दिवशी.

आणि ज्यांनी हा अल्बम अजून ऐकलाच नाहीये त्यांनी कृपा करून फेमस गाण्यापासून सुरू करू नका. पहिल्या ट्रॅकपासून लावा, सायरन सुरू झाला की कव्हर समोर ठेवा, आणि मग तलवारवाला कोण हे मला विचारावं लागतंय का बघा.