मी मुद्दाम नाही केलं

पहाटे जाग आली तर लेक अंधारात उभा, ओली चादर ओढून काढायला बघतोय. मला बघितलं आणि पहिलं वाक्य, "आई, मी मुद्दाम नाही केलं गं."

६ वर्षांचा आहे. महिन्यातून एखाद-दोनदा झोपेत अंथरुणात शू होते त्याची. मी कधी ओरडले नाही, पण मागच्या वेळी "परत?" एवढं म्हणाले होते, तेच धरून बसलाय बहुतेक.

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "शी रोज होते का, कडक होते का?" मी गप्पच. तर म्हणे पोट साफ नसेल तर आतड्याचा मूत्राशयावर दाब येतो, लघवीला जागाच पुरत नाही. शिवाय काही मुलांची झोप इतकी गाढ असते की लघवी भरली तरी जाग येत नाही, काहींच्या शरीरात रात्री लघवी कमी करणारं हार्मोन अजून पुरेसं तयार होत नसतं, आणि आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी असेल तर शक्यता बरीच वाढते. ५ वर्षांच्या १०० मुलांपैकी साधारण १५ जणांना होतं. हां, ६ महिने कोरडं राहून अचानक परत सुरू झालं, किंवा लघवीला जळजळ, सारखी तहान असेल तर मात्र लगेच दाखवायचं.

"आईवडिलांपैकी" ऐकून नवरा खाली बघायला लागला. घरी आल्यावर लेकाला मांडीवर घेऊन म्हणाला, "माझंपण व्हायचं रे, आठ वर्षांचा होईपर्यंत."

"खरंच, बाबा?" काय खुलला त्याचा चेहरा!

तुमच्या घरात कुणी सांगितलंय का हे मुलांना?