सरांनी दुरुस्त केलेला अर्ज

१९८८ च्या उन्हाळ्यात बी.कॉम.चा निकाल लागला आणि नोकरीसाठी लिहिलेला पहिला इंग्रजी अर्ज घेऊन मी आपल्या शाळेतील इंग्रजीच्या सरांच्या घरी गेलो. वडील सोलापुरातल्या गिरणीत साचे चालवीत असत आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच होतो. अर्जात मी ‘आय पास्ड आउट इन १९८८’ असे लिहिले होते. सरांनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि मला समोर बसवून घेतले.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून संचलन करीत बाहेर पडणाऱ्या छात्रांना हा प्रयोग शोभतो, पण इतरत्र इंग्रजी माणूस त्याचा अर्थ ‘शुद्ध हरपली’ असा घेईल, असे त्यांनी समजावले. आपल्याकडे हा प्रयोग सर्रास चालतो, हे मान्य करूनही परदेशी वाचकासाठी तो टाळावा, असे माझे आजही मत आहे.

पुढची ओळ होती ‘आय हॅव डन माय ग्रॅज्युएशन’. आपण मराठीत ‘बी.कॉम. केले’ म्हणतो, त्याचीच ती सावली होती. इंग्रजीत ‘ग्रॅज्युएशन’ म्हणजे पदवीधर होण्याची घटना किंवा तिचा समारंभ; तीन वर्षांच्या अभ्यासाला ते नाव नाही, म्हणून ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम शिवाजी युनिव्हर्सिटी’ असे सरळ लिहावे, असे सर म्हणाले. (सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ मध्ये मिळाले, तोवर आमच्या पदव्या कोल्हापूरच्या.) त्यातला ‘फ्रॉम’ गाळायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. पूर्वी हे क्रियापद विद्यापीठाकडे असे, म्हणजे विद्यापीठ विद्यार्थ्याला पदवीधर करी आणि विद्यार्थी ‘वॉज ग्रॅज्युएटेड’ असे लिही. पुढे विद्यार्थीच कर्ता झाला, तरी ‘फ्रॉम’ जागचा हलला नाही. ‘ग्रॅज्युएट’ आणि ‘डिग्री’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी लॅटिनमधला ‘पायरी’ या अर्थाचा एकच शब्द आहे आणि आपल्या ‘पदवी’चा संस्कृतातला जुना अर्थ ‘वाट’ आहे, हे त्या संध्याकाळी प्रथम ऐकताना मी हरखून गेलो होतो.

‘बॅचलर्स डिग्री’तील ‘एस’च्या आधीचे ते वरचे चिन्ह मी विसरलो होतो, तेही सरांनी घातले, ‘बॅचलर ऑफ कॉमर्स’ असे पूर्ण नाव लिहिताना मात्र ते येत नाही आणि अक्षरे मोठी होतात, एवढे सांगून ते क्रियापदांकडे वळले. विद्यापीठ पदवी ‘कन्फर’ करते आणि विद्यार्थी ती ‘रिसीव्ह’ करतो, हे दोन्ही बिनचूक असले, तरी माझ्या अर्जात त्यांनी स्वतःच्या हाताने ‘अर्न्ड’ लिहिले.

घरी येऊन मी तो अर्ज स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. रात्रपाळीला निघालेल्या वडिलांनी त्यात काय लिहिले आहे ते विचारले, तेव्हा त्या क्रियापदासाठी ‘कमावली’ याखेरीज दुसरा मराठी शब्द मला सापडला नाही.