चिनी ऐतिहासिक कथा पाठवताना: 'वर्ष' नावाचा रकाना

चिनी इतिहासावरच्या कथा छापणारी इंग्रजी नियतकालिकं मोजकीच आहेत. त्यांपैकी एकाकडे मी सोंग राजवंशाच्या काळातली (दहावं ते तेरावं शतक) कथा पाठवली आणि ती छापूनही आली. नियतकालिकाचं नाव घेत नाही, कारण माझा राग संपादकांवर नाही, त्यांच्या ऑनलाइन फॉर्मवर आहे. तो अजून गेलेला नाही.

हस्तलिखिताचं काम नेहमीचंच: १२ पॉइंट, डबल स्पेस, चारही बाजूंना एक इंच समास. कव्हर लेटर चार ओळींचं, त्यात कथेचा सारांश द्यायचा नाही. इथवर काही अडत नाही. अडतं ते 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' या पानावर. तिथे तीन रकाने होते: राजवंश, राजवर्ष (म्हणजे सम्राटाने आपल्या कारकिर्दीला दिलेलं नाव आणि त्यातलं कितवं वर्ष) आणि इसवी सन. तिन्ही ड्रॉपडाउन. 'उत्तर सोंग' निवडलं, 'जिंगकांग १' निवडलं, की सन आपोआप ११२६ येतो. माझी कथा घडते ९ जानेवारी ११२७ला, उत्तरेकडच्या जुर्चेन लोकांच्या जिन राज्याच्या फौजा सोंगांची राजधानी काइफंगच्या तटावर चढल्या त्या दिवशी. सन ११२७ करावा तर राजवर्ष उडी मारून 'जिंगकांग २' होतं. पुन्हा 'जिंगकांग १' करावं तर सन मागे. दोन्ही बरोबर भरायची सोयच नाही, आणि रकाना रिकामा सोडला की लाल अक्षरं.

कारण साधं आहे. चिनी चांद्रवर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत सुरू होतं. जिंगकांगचं पहिलं वर्ष ११२७च्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालू होतं. म्हणजे दर चांद्रवर्षाची शेपटी पुढच्या इसवी सनात जाते. फॉर्म करणाऱ्याने एका राजवर्षापुढे एकच सन लिहिला आणि हात झटकले. हा काही क्वचितचा प्रसंग नाही. वर्षअखेर म्हणजे चूलदेवाला निरोप, देणी फेडणं, घरी परतणं. निम्म्या कथा याच दिवसांत घडतात.

मदतीच्या पत्त्यावर मेल केली तर 'आपला संदेश मिळाला' असं आपोआप निघणारं उत्तर. मग बराच काळ शांतता. प्रवेशिका घ्यायची मुदत जवळ येत चालली की ही शांतता फार चिडवते. शेवटी जे उत्तर आलं ते आधीच फॉर्मवर छापायला हवं होतं: रकान्यात सिस्टिम देईल तो सन राहू द्या, खरी तारीख कथेसोबतच्या टिपणात लिहा. कुणी अशाच फॉर्मपाशी अडलं असेल तर मेलची वाट पाहू नका. राजवर्ष बरोबर ठेवा, कारण संपादक तेच बघतात, आणि टिपणाची पहिली ओळ तारखेला द्या.

ती ओळ अशी असावी: जिंगकांग १, अधिक ११वा महिना, २५वा दिवस, बिंगछन, ९ जानेवारी ११२७ (ज्युलियन). यातला प्रत्येक तुकडा लागतो. 'ज्युलियन' लिहिलं नाही तर तपासणाऱ्याच्या हातातलं कॅल्क्युलेटर ग्रेगोरियन पद्धतीने १६ जानेवारी दाखवू शकतं, कारण त्या शतकात दोन्हींत सात दिवसांचा फरक होता. १५८२च्या आधीच्या तारखा ज्युलियन द्यायचा रिवाज आहे, पण रिवाज सगळ्यांना माहीत असतोच असं नाही. 'बिंगछन' हे दिवसाचं नाव, साठ दिवसांच्या चक्रातलं ५३वं. महिन्यांच्या आकड्यांत घोळ झाला तरी हे चक्र कधी तुटत नाही. नाव आणि तारीख जुळली की वाद मिटतो. रूपांतरासाठी तैवानच्या अकादेमिया सिनिकाचं दोन हजार वर्षांचं कॅलेंडर वापरा. त्यात राजवर्ष टाकून तारीख मिळते.

एवढं करूनही नियतकालिकासाठी कथा तपासणाऱ्या पहिल्या वाचकाचा शेरा आला: 'अकरावा महिना दोनदा आला आहे, टायपिंगची चूक?' मराठी माणसाला हे समजवावं लागत नाही. आपल्याकडे ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक, तसंच तिकडे सूर्याच्या वर्षभराच्या वाटेवरच्या बारा ठरलेल्या टप्प्यांपैकी ज्या महिन्यात एकही येत नाही तो अधिक. फरक एवढाच की आपला अधिक श्रावण निज श्रावणाच्या आधी येतो, चिनी अधिक अकरावा मात्र नेहमीच्या अकराव्याच्या मागून. हा क्रम टिपणात स्पष्ट लिहा. नाहीतर कॉपी एडिटर 'दुरुस्ती' करून वेढ्याची घटना महिनाभर मागे नेतो.

तारखेबरोबर चंद्रही तपासतात. चिनी महिना अमावास्येला सुरू होतो, म्हणून २५वा दिवस म्हणजे साधारण आपली वद्य दशमी. त्या संध्याकाळी तटावर चांदणं पाडलंत तर कथा परत येईल, आणि यायलाच हवी.

त्याच वाचकाचा दुसरा शेरा याहून भारी: 'जादूटोण्याचा भाग काढा, आम्ही फँटसी छापत नाही.' हा भाग म्हणजे ग्वो जिंग. आपल्या मंत्रविद्येने ७,७७७ माणसं शत्रूला पळवून लावतील असं त्याने दरबाराच्या गळी उतरवलं, तटावरच्या पहारेकऱ्यांना खाली उतरवलं, श्वानह्वा दरवाजा उघडायला लावला आणि शहर घालवलं. हे सोंग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात नोंदलेलं आहे. तेव्हा आणखी एक सवय लावून घ्या: कथेत जे जे अविश्वसनीय वाटेल त्याचा आधार टिपणात आधीच द्या. जे साधं वाटतं त्याला आधार कुणी मागत नाही.

तारखेनंतर जागेचा रकाना. 'नानजिंग' टाइप केलं की नकाशा यांगत्सेकाठच्या आजच्या शहरावर टाचणी मारतो. उत्तर सोंगांच्या चार राजधान्या होत्या: पूर्वेची काइफंग, पश्चिमेची ल्वोयांग, उत्तरेची दामिंग आणि दक्षिणेची, म्हणजे त्या काळातली नानजिंग, यिंगथ्यान, आजचं शांगछ्यू, हनान प्रांतात. ११२७च्या जूनमध्ये पुढचा सोंग सम्राट जाओ गोउ गादीवर बसला तो इथे. आजच्या नानजिंगला तेव्हा जियांगनिंग म्हणत. हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह आहे, त्यात नाव टाकलं की कोणत्या वर्षी ते कुठल्या गावाचं होतं ते कळतं. टाचणी हातानेच हलवा.

आता आठवतील तशा काही गोष्टी. कथा नाकारली जायचं सगळ्यात ठरलेलं कारण म्हणजे पात्राच्या तोंडी जिवंत सम्राटाचं मंदिरनाम. जिंगकांग काळातल्या सम्राटाचं 'छिनजुंग' हे नाव मरणानंतरचं. सोंग काळातली माणसं त्याला 'ग्वानजिया' म्हणत. दुसरं कारण स्वयंपाकघर: मिरची, मका, रताळं, शेंगदाणा आणि तंबाखू हे सगळं अमेरिकेतून आलेलं, मिंग काळाच्या उत्तरार्धाआधी चीनमध्ये नाही. (आपल्याकडेही मिरची पोर्तुगीजांबरोबरच आली, म्हणून हे लक्षात ठेवायला सोपं.) सोंग काळातला चहा पानं उकळून होत नाही. चहाच्या वडीची पूड गरम पाण्यात घुसळायची. वेणी आणि पुढचं डोकं भादरलेलं हे छिंग काळातलं, १६४५ नंतरचं.

पैशांबाबत वाचक खूश झाले, म्हणून सांगते. शंभर नाण्यांची माळ म्हणजे मोजून शंभर नाणी नव्हेत. ९७७ सालच्या हुकमाने ७७ नाणी शंभर धरली जात. काइफंगच्या बाजारात त्यातही धंद्यागणिक फरक होता: सर्वसाधारण व्यवहारात ७५, मासे-मटण-भाजीला ७२, सोन्याचांदीला ७४, मोत्यांना ६८ आणि लिखित मजकुराला ५६. लिहिणाऱ्यांची परिस्थिती तेव्हाही हीच. पात्राने मासळी घेतली आणि ७२ मोजून 'शंभर' म्हटलं, की वेगळं टिपण लागत नाही.

फाइलबद्दल: चिनी अक्षरं ठेवणार असाल तर पारंपरिक रूप वापरा. १९५०च्या दशकात आणलेली सरलीकृत अक्षरं बाराव्या शतकातल्या पाटीवर विचित्र दिसतात. पीडीएफ मागितली तर फाँट एम्बेड करा, नाहीतर समोरच्याला नुसते चौकोन दिसतात. चिनी नावं रोमन लिपीत लिहायला पिनयिन पद्धत घेतली तर शेवटपर्यंत पिनयिनच, मध्येच वेड-जाइल्स ही जुनी पद्धत नको. परीक्षण निनावी असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं आपलं नाव पुसा. पहिल्या पानावरचं पुसून हेडरमधलं राहतं, ते वेगळं.

मानधन डॉलरमध्ये येतं. पेपाल भारतीय खात्याला परपज कोड (पैसे कशाचे आहेत ते सांगणारा क्रमांक) विचारतं, तो आधीच भरून ठेवा. संस्था अमेरिकेतली असेल तर डब्ल्यू-८ बेन हा तिथला कराचा फॉर्म मागतात. त्यात परदेशी करक्रमांकाच्या जागी पॅन चालतो.

प्रूफ आलं की आधी तारीख बघा. माझ्या प्रूफमध्ये कथेखालच्या परिचयात पुन्हा ११२६ होतं, कारण तो मजकूर फॉर्ममधून आपोआप उचलला जातो. आणि करार सही करण्याआधी भाषेचं कलम वाचा. 'प्रथम इंग्रजी प्रकाशनाचे हक्क' एवढंच असेल तर ठीक. 'सर्व भाषा' असं असेल तर ते दोन शब्द काढायला सांगा. कुरकुर न करता काढतात, पण सांगितल्याशिवाय नाही, आणि ते तसेच राहिले तर आपलीच कथा मराठी दिवाळी अंकाला देण्यासाठी त्यांची परवानगी मागत बसावं लागतं.