मशीनमध्ये पाणी हळू भरतंय? आधी जाळी बघा

आज तीन ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन, तक्रार एकच: पाणी बारीक येतं, मग एरर दाखवून मशीन थांबतं. तिन्हीकडे बोअरचं पाणी.

आधी नळ बंद करून इनलेट पाइपचा (मशीनमध्ये पाणी नेणारा पाइप) मशीनमागचा नट डावीकडे फिरवून सोडवा, ते टोक बादलीत धरून नळ सोडा. धार जोरात असेल तर दोष मशीनच्या तोंडाशी, मंद असेल तर नळात किंवा टाकीच्या उंचीत. मग प्लग काढा, नळ बंद करा. पाइप मशीनला जिथे लागतो, तिथे आत नखाएवढी प्लास्टिकची जाळी दिसते. मधली दांडी पकडीने धरून सरळ ओढा, पिळू नका. फाटक्या जाळीतून रेती व्हॉल्वमध्ये (पाणी सोडणारी-थांबवणारी विजेवरची झडप) गेली तर बंद मशीनमध्येही पाणी भरत राहतं.

आज एका जाळीवर क्षाराचा थर चुन्याच्या पापडीसारखा होता. अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धा तास, जुना टूथब्रश. स्वच्छ! बसवताना रबरी वॉशर विसरू नका, आणि नट हातानेच आवळा, पकडीने प्लास्टिकचे आटे जातात.

तरीही पाणी येत नसेल, तर व्हॉल्वच्या वायर काढून त्याच्या कॉइलचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा. साधारण 3.5 ते 5 किलोओहम हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळली, व्हॉल्व बदला. हे तपासल्याशिवाय कार्ड (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायला कुणी सांगितलं तर कृपया पैसे देऊ नका.