पुणे–ताम्हिणी–गुहागर: वळणावर येणारा टण्ण आवाज आणि चिपळूणची दुरुस्ती

गुहागरला जायचं म्हणून ताम्हिणीचा रस्ता धरला. पौड सोडलं तेव्हा गाडी एकदम ठीक होती, मुळशी धरणाच्या बाजूने पुढे गेलो आणि घाटातली वळणं सुरू झाली तशी डाव्या बाजूने टण्ण करून आवाज यायला लागला, प्रत्येक वळणावर नाही, फक्त स्टिअरिंग बरंच फिरवलं आणि स्पीड कमी असला की. पाय ठेवतो तिथे खालून काहीतरी सुटल्यासारखं जाणवायचं. मेहुण्याचं ठाम मत, एक्सल गेला. त्याला प्रत्येक आवाज एक्सलचाच वाटतो.

घाटात नेटवर्क येतंजातं आणि गॅरेज म्हणावं असं काही नाही, त्यामुळे कुणाच्या गाडीला आधीपासून बारीक आवाज असेल तर पौडलाच बघून घ्या, नाहीतर मग थेट माणगाव. आम्ही एका रुंद जागी बाजूला घेतली आणि आधी एवढंच पाहिलं की पुढे जाणं सेफ आहे का. स्टिअरिंगला मोकळा प्ले आलाय का, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते का, स्टिअरिंग मध्येच जड होतं का, आणि वाकून टायरच्या मागे स्प्रिंगचा वेढा तुटलेला दिसतो का (तुटलेलं टोक टायर कापू शकतं). यातलं एक जरी असेल तर घाट उतरू नका, सरळ टोइंग बोलवा, त्यात घासाघीस नको. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं म्हणून हळूहळू निघालो.

माणगावला हायवेला लागलो आणि जेवायला थांबलो तिथल्या रिकाम्या पार्किंगमध्ये एक्सलचा निकाल लावला. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवून हळू गोल मारायचा आणि थोडा रेस द्यायचा. बाहेरचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा चाकाकडचा सांधा) गेला असेल तर कट-कट-कट असा लयीत आवाज येतो आणि चाक जोरात फिरलं की तोही जलद होतो, शिवाय बूट (त्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसतं. आमचा बूट कोरडा, आवाज लयीत नाही. मुख्य म्हणजे गाडी जागेवर उभी ठेवून नुसतं स्टिअरिंग फिरवलं तरी टण्ण! चाक फिरतच नाहीये आणि तरी आवाज येतोय म्हणजे सीव्ही जॉइंट आणि व्हील बेअरिंग दोन्ही संशयातून बाद. व्हील बेअरिंग तसंही हूंऽऽ करत स्पीडबरोबर वाढतं, टण्ण करत नाही.

पुढे महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड, काही सांगण्यासारखं नाही.

चिपळूणला पहिल्या गॅरेजमध्ये मालकाने गाडीत बसून दोनदा स्टिअरिंग फिरवलं आणि "रॅक बदलायला लागेल" म्हणून मोकळा. बोनेटही उघडलं नाही. रॅक हा स्टिअरिंगमधला महागडा पार्ट, आणि आवाज स्टिअरिंग फिरवल्यावर येतो म्हणून रॅकवर बिल फाडणं सोपं असतं. आम्ही तिथून निघालो.

दुसऱ्या गॅरेजचे काका वेगळेच. म्हणाले, "वहिनींना बसवा आत, इंजिन चालू, हँडब्रेक ओढा, आणि मी सांगेन तसं हळूऽ फिरवू दे." स्वतः डाव्या चाकाच्या वरून हात घालून स्प्रिंगवर नुसता तळवा टेकवला, बोटं वेढ्यांच्या मधे अजिबात नाही. मग मला हात लावायला सांगितलं. स्टिअरिंग फिरतंय, स्प्रिंग मात्र जागची हलत नाही, आणि मग एकदम टण्ण करून तळव्याखाली झटका. उजव्या बाजूची स्प्रिंग मात्र शॉकअपबरोबर गुपचूप, झटका न देता फिरत होती. डावीकडचं वरचं बेअरिंग जाम, काका म्हणाले.

होतं असं की आमच्यासारख्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, स्टिअरिंग फिरवलं की शॉकअप स्प्रिंगसकट फिरतो, आणि वरच्या माउंटिंगखाली एक चपटं बेअरिंग असतं त्यावर हे सगळं फिरतं. त्यात पाणी, चिखल जाऊन गंज धरला की स्प्रिंग पीळ धरते आणि मग झटक्यात सोडते. काकांनी जॅकवर घेऊन बाकीचंही तपासलं. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) ठीक. वर-खाली धरून हलवलं, तेही ठीक. खराब रस्त्यावर सरळ जातानाच खडखड येत असेल तर आधी लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) बघा, असंही जाताजाता सांगितलं.

बेअरिंग आणि माउंटिंग दोन्ही बाजूंचं बदललं. हे काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असल्याशिवाय कुणाला करू देऊ नका, दोरी-साखळीवाले जुगाड तर नकोच, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायचा. पार्ट चिपळूणला मिळाला हे नशीब. गुहागर तिथून साधारण ४५ किलोमीटर, लहान गाव, तिथे पार्टची वाट बघत बसावं लागलं असतं. व्याडेश्वराच्या देवळाजवळच्या गल्लीत रिव्हर्स घेताना काच खाली करून मुद्दाम ऐकलं, आवाज नाही.

फक्त स्टिअरिंग थोडं वाकडं राहिलं होतं, कारण शॉकअप काढला की अलाइनमेंट हलते आणि काकांकडे त्याचं मशीन नव्हतं. परतताना कुंभार्ली घाटाने कराडला आलो, तिथे करून घेतली, मग हायवेने पुणे.